पंचफुलाची दोन रकान्यांची वही

मी एक शंभर पानी वही बोलतेय. १९७४ च्या हिवाळ्यात इंद्रभानने मला अकोल्याहून केनवडला आणलं आणि बायकोच्या, पंचफुलाच्या, हातात दिलं. तो तिकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, महिन्यातून एकदा घरी यायचा. पंचफुला मॅट्रिकला एकट्या इंग्रजीत राहिली होती. पास झाली, तर नर्सच्या ट्रेनिंगला अर्ज करता येणार होता. सासूबाई, केशरबाई, नको म्हणतील या धास्तीने दोघांनीही त्यांना काही सांगितलं नव्हतं.

पंचफुलाने माझ्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. तिला छळायचे ते जोडशब्द. 'गिव्ह' म्हणजे देणे. पण त्याला 'अप' चिकटलं की सोडून देणे! 'पुट' म्हणजे ठेवणे, आणि 'पुट आऊट' म्हणजे विझवणे. भाकरी थापताना ती हेच घोकायची.

"काय पुटपुटून राह्यली वं?" ओसरीवरून केशरबाई विचारायच्या.

"काही नाही, आत्याबाई."

ती मला पिठाच्या डब्यामागे ठेवायची. एका दुपारी ती विहिरीवर गेली आणि केशरबाईंचा हात माझ्यावर पडला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला शेजारच्या रामकिसनकडे नेलं. तो चौथी शिकलेला; इंग्रजी येत नसल्याने फक्त उजवी बाजू वाचत गेला.

"पळून जाणे. सोडून देणे. निसटणे." मग माझं शेवटचं पान पाहून तो थबकला. "काकू, येथं तारीख हाय. चौदा मार्च, सकाळची एसटी, वाशीम."

केशरबाईंनी मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. घरी येऊन त्यांनी मला ज्वारीच्या कणगीत खोल खुपसलं.

चार दिवस मी दाण्यांत गुदमरत होते. पंचफुला भांडी सरकवून मला शोधायची, पण विचारायची हिंमत तिला होत नव्हती. केशरबाई तिच्या मागोमाग विहिरीपर्यंत जायच्या. ती कुणाशी बोलते, किती हसते, सगळं पाहायच्या.

तेरा तारखेच्या संध्याकाळी त्यांनी मला तिच्यापुढे टाकलं.

"कोन हाय तो?"

"कोन?"

"ज्याच्या संगं उद्या पळून जाऊन राह्यली."

पंचफुला पाहतच राहिली. मग तिचे डोळे भरले. "उद्या माहा इंग्रजीचा पेपर हाय. तुमच्या लेकाले माहीत हाय."

"त्याले बी फसवलं अशील. पेपरात पळून जायाचं कायले लिवतेत?"

तिने एकेक शब्द समजावून सांगितला. केशरबाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलं नाही. "मी येईन संगं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वाशीमला पंचफुला शाळेत गेली आणि मी फाटकाजवळ केशरबाईंच्या मांडीवर. अर्ध्या तासाने त्या उठल्या आणि मला काखेत धरून त्यांनी शाळेला चक्कर मारली.

"मांगून दार हाय काय?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"नाही, बाई."

तरी आणखी एकदा फिरून आल्या.

पेपर सुटल्यावर पंचफुला समोरूनच आली, बोटांना शाई लागलेली. केशरबाईंनी तिच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पास झाली का जाशील ना तू?"

पंचफुलाला खोटं बोलवेना. "ट्रेनिंगले जाईन. अकोल्याले."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

पंचफुलाने बोटांची शाई पदराला पुसली.

ती पास झाली आणि जुलैत अकोल्याला गेली. पेटी भरताना तिने मला उचललं, तेव्हा केशरबाई म्हणाल्या, "हे राहू दे." कशाला, ते सांगितलं नाही.

आता मी त्यांच्या उशाखाली असते. माझी अकरा पानं कोरी आहेत. दुपारी घरात कुणी नसलं की त्या दाराकडे दोनदा पाहतात, मला उघडतात आणि पंचफुलाची उजव्या बाजूची अक्षरं पाहून कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने गिरवतात. परवा रामकिसन दारात आला, तर त्यांनी मला झटकन पदराखाली ओढलं आणि त्याला काय काम आहे ते उभ्यानेच विचारलं.

माझी एवढीच विनवणी आहे. दुपारचं त्यांच्याकडे जाल, तर आधी बाहेरून हाक मारा, आणि ओ येईपर्यंत थांबा.