पाद्रीबाबांच्या आधी आलेली थाळी

नाताळच्या आदल्या सकाळी स्तमातिया मेंढीचं लोणी फेसत बसली होती. कुराबिये, म्हणजे नाताळची ती बदामी बिस्किटं, तोंडात विरघळायला हवे तर लोणी हातानंच फेसायचं, कापसासारखं पांढरं होईतो. तिचा नवरा पांदेलिस मालाचं गलबत घेऊन गेलेला, डिसेंबरच्या सुरुवातीला, संत निकोलसच्या सणालाच परतायचा होता. तो सण होऊन गेला. वादळही होऊन गेलं. समुद्र आता नुकत्याच जेवून उठलेल्या माणसासारखा सुस्त पडला होता.

"जोर लाव गं," सासू काल्लिरोई म्हणाली. "मागल्या वर्षी माझा लेक म्हणाला, ही कुराबिये करते की गलबताचे नांगर?"

"म्हणाले, आणि परातभर नांगर गिळले!"

सासू हसली. मग खिडकीकडे बघत राहिली.

बदाम घालून, वळून, स्तमातिया परात घेऊन गावच्या भट्टीवर भाजायला गेली. तिथला बायकांचा गलका ती उंबऱ्यात येताच विझला. रांगेवरून दरवर्षी कचाकचा भांडणाऱ्या त्या, आज बाजूला सरकल्या. "तू घाल आधी," कुणीसं म्हणालं. भट्टीवाल्यानं नजर वर केली नाही.

घरी येऊन ती पिठीसाखर चाळू लागली, तोच शेजारीण एव्हान्थिया दारात. अंगावर काळी शाल, हातात झाकलेली थाळी. वाऱ्यानं फडकं उडालं. खाली कुराबिये.

आमच्या बेटावर मरणाची बातमी पाद्रीबाबा घेऊन येतात, आणि मग त्या सुतकाच्या घरात सणाचं गोड करत नाहीत. ते शेजारचे आणून देतात.

चाळण थांबली. "मावशी, हे कुणासाठी?"

एव्हान्थियानं साखर पाहिली, परात पाहिली. तिचा चेहरा उतरला. "पाद्रीबाबा आले नाहीत अजून? माझ्या आधी निघाले होते गं… मी मागच्या गल्लीनं आले…"

सासूनं भिंत धरली.

"नाही आले," स्तमातिया म्हणाली. "ते येईतो या घरात सण आहे. बसा." थाळी तिनं घेतलीच नाही. आपल्या परातीतला एक कुराबिया उचलून शेजारणीच्या तळहातावर ठेवला. "खा. आणि दरवर्षी म्हणता तसं म्हणा, तुझा धनी सुखरूप घरी येवो."

एव्हान्थियानं घास घेतला. काळ्या शालीवर साखर सांडली. ती साखरच झटकत राहिली.

"म्हणा की हो मावशी!"

बाहेर पायऱ्यांवर पाद्रीबाबांची काठी वाजत होती. थांबत होती, पुन्हा वाजत होती. स्तमातिया साखर चाळत राहिली. कुराबिये दिसेनासे झाले, तरी चाळत राहिली.

काल्लिरोई भिंत धरत धरत दाराशी गेली, आणि तिनं आतून कडी घातली.