शिझुएच्या नातवाची गोधडी

"मन कडू असेल त्या दिवशी सुईला हात लावू नकोस, पोरी. मनातलं कापडात उतरतं," कपेका आंटीनं बजावलं होतं. मी तेव्हा गरोदर होते आणि होनोलुलूच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकून आलेली. कापडात फक्त घाम उतरतो, असं म्हणून मी हसले.

आंटी माझ्या सासूची बहीण. आमच्या मोलोकाई बेटावर गोधडीचा नमुना आखावा तर तिनंच. पहिली गोधडी नीरफणसाची, म्हणजे घरात अन्न कमी पडत नाही. ती तिनं मला आखून दिली. मी येणाऱ्या बाळासाठी शिवायला घेतली. माकोआ जन्मला तरी ती अर्धीच होती.

मग जपानहून शिझुए गोधडी शिकायला आली आणि आंटीच्या मागच्या खोलीत राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यानं नमुना चोरू नये म्हणून आंटी गोधड्या नेहमी उलट्या वाळत घाली. शिझुए आल्यावर त्या सुलट दिसू लागल्या. आमच्या खिडकीतून मला सगळं दिसे. तिचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे, आणि आंटी ते येईल त्याला दाखवी.

एक दिवस कळलं की आंटीनं तिला स्वतःच्या आईचा नमुना दिला. मी तडक गेले. म्हटलं, ती घरची नाही.

"घरची तू आहेस," आंटी म्हणाली. "पण मागितलास कधी?"

घरी येऊन मी गोधडी ओढली. फळाभोवती लाटांसारख्या ओळी घालायच्या होत्या. शिझुएपेक्षा बारीक टाका पडावा म्हणून दोरा आवळत गेले. माकोआ शेजारी रडत होता. सबंध काठ तसाच पुरा झाला.

निघायच्या दिवशी शिझुए आंटीबरोबर निरोप घ्यायला आली. गोधडीवरून हात फिरवत म्हणाली, लेक बाळंत व्हायची आहे, असा हिरवा रंग आमच्याकडे मिळत नाही. पाहुण्याचा जीव एखाद्या वस्तूवर असा बसला की आमच्या बेटांवर ती ठेवून घेत नाहीत. आंटीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी घडी करून दिली. आंटीनं जाता जाता काठ चाचपला. "आवळलाय गं," एवढंच म्हणाली.

आता शिझुएचा फोन येतो तो आंटीला. नातू त्या गोधडीत संध्याकाळी झोपतो तो सकाळीच उठतो म्हणे, कूससुद्धा बदलत नाही. आंटी कौतुकानं सांगते, तुझ्या हाताचा गुण. माझा माकोआ वर्षाचा झाला, अजून दर तासाला उठतो. माझ्याच टाक्यांखाली तिचं बाळ झोपावं आणि माझं जागं राहावं? आणि तान्हं मूल इतकं निपचित झोपतं तरी कसं?

शिझुएला मी कोणत्या तोंडानं विचारू? तुमचं कोणी जपानात, शिझुएच्या कानाझावाकडे असेल तर त्यांना तेवढं पाठवा. बाळ झोपलेलं असलं तरी छातीवर हात ठेवून बघायला सांगा, श्वास नीट चालतोय ना. आणि मध्ये एकदा तरी रडतं का, तेही विचारा.