तिसऱ्या पट्ट्यातलं ऊन

आमच्या शहरात पाहुण्यांना दाखवण्यासारख्या तीन जागा आहेत. दीपगृह, बंदरावरची जुनी गोदामं, जिथे हल्ली चित्रं लावतात, आणि नाट्यगृह. या तिन्ही जागा मी अकरा वर्षं दाखवते आहे. दीपगृहावर लोकांना धाप लागते, गोदामांत ते चित्रांपेक्षा चित्रांखालच्या पाट्या वाचतात, आणि नाट्यगृहात खुर्च्या दिसल्या की आधी बसून घेतात. मग मी त्यांना रंगमंचामागचा जुना पडदा दाखवते. कापडाचे पट्टे जोडून केलेला. भिंतभर समुद्र, कोपऱ्यात एक होडी.

"तिसऱ्या पट्ट्याकडे बघा," मी म्हणते. "बाकी सगळीकडे ऊन डावीकडून आलंय, इथे उजवीकडून. हा पडदा रंगवणाऱ्या मास्तरांनी ते मुद्दाम केलं. येणाऱ्या वादळाची चाहूल आहे ती."

एकदा एका बाईंच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

हे वादळ मला कोणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, हे ऊन असं कसं? गाइडला 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते. तिथल्या तिथे वादळ काढलं आणि ते टिकलं.

यंदा पडद्याला पितळी पाटी लावायचं ठरलं. तिचा मजकूर मी घरी आईला वाचून दाखवला. आईने त्याच नाट्यगृहात तीस वर्षं नटांच्या कपड्यांना इस्त्री केली. ती उशांच्या खोळी घड्या करत होती. हात थांबला.

"एकट्या मास्तरांचं नाव?"

"मग अजून कोणाचं?"

"समुद्र मी रंगवलाय."

माझी आई खोटारडी नाही, पण तिच्या गोष्टींना पाय फुटतात. शेजारच्या काकूंना पोहायला आपणच शिकवलं, हे ती कितीतरी वर्षं सांगत होती. पुढे कळलं, तिला स्वतःलाच पोहता येत नाही.

"मास्तरांचा खांदा निखळला होता," ती म्हणाली. "नाटक चार दिवसांवर. ते खुर्ची टाकून बसले आणि सांगत गेले. मी रंगवत गेले. आणि तुझं ते वादळबिदळ काही नाही हं. पडदा जमिनीवर अंथरून रंगवतात. तिसरा पट्टा मी उलट्या टोकाकडून धरला, म्हणून ऊन चुकलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मास्तर होते तोवर बोलले असते तर त्यांची नोकरी गेली असती. इस्त्रीवालीच्या हाती ब्रश दिला म्हणून. आणि ते गेल्यावर मला विचारलं कोणी?"

मला लगेच शंका आली. आई दोनदा माझ्या फेरीत येऊन गेली होती. तिसऱ्या पट्ट्यातलं ऊन तिला माझ्याच तोंडून कळलेलं असणार. त्यावर आता तिने मजला चढवला होता.

मग मी तिची उलटतपासणी सुरू केली. भाजी निवडताना, दिवे लावताना, मध्येच.

"रंग कशात कालवायचे गं?"

"सरसात. गरम असताना. वास विचारू नकोस."

बरोबर. पण इस्त्रीची खोली रंगखोलीला लागून होती, वास भिंतीतूनही आला असेल. तिचं उत्तर चुकलं की मला संशय यायचा, आणि बरोबर आलं की जास्त यायचा.

शेवटी तीच वैतागली. "अगं, पोलिसात का नाही गेलीस तू? पडद्याची मागची बाजू बघ. मास्तर उभ्याने रंगवायचे, लांब काठीच्या ब्रशने. मला ते कुठलं जमायला? मी आपली गुडघ्यांवर. कापडाला लावलेली खळ ओली होती. मागे गुडघे उमटले असतील."

पडदा भिंतीला ठोकलेला. त्याची पाठ आजवर कोणी पाहिली नव्हती. सोयीचा पुरावा, मी मनात म्हटलं. पण पाटी लावण्याआधी तो साफसफाईसाठी उतरवणारच होते, म्हणून मी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांच्या कानावर घातलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आईकडे पाहत होते. "बाई, आईचं नाव पितळेवर यावं असं कोणाला वाटणार नाही?"

"मला खरं काय ते हवंय."

"विचार करा. आजी खऱ्या निघाल्या तर तुमचं वादळ खोटं. इतकी वर्षं तिकीट काढून लोकांनी ते ऐकलंय. तसं तुम्हाला लेखी द्यावं लागेल, ते वर जाईल. तुम्हाला ठेवायचं की नाही, हे वरचे ठरवतील."

सोमवारी पडदा उतरवला. जुनी कापडं दुरुस्त करणारे एक गृहस्थ येतात, त्यांना आम्ही 'कापडाचे डॉक्टर' म्हणतो. त्यांनी पडदा रंगमंचावर पालथा घातला आणि टॉर्च जमिनीलगत धरला. आई कडक इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती, पण पडद्याकडे बघत नव्हती.

"अरेच्चा," डॉक्टर म्हणाले. "इथे कोणीतरी रांगलंय."

पहिल्या पट्ट्यापासून बशीएवढे गुळगुळीत डाग होते, तिसऱ्यात उलट्या टोकाकडून. जोडीजोडीने पुढे सरकत गेलेले. चौथ्या पट्ट्याच्या मध्यावर ते एकदम संपले होते.

"इथून पुढे काय झालं?" मी विचारलं.

"इथून पुढे मास्तरांनी मला उभ्याने रंगवायला शिकवलं," आई खुर्चीतूनच म्हणाली.

"गुडघे कोणाचेही असू शकतात," व्यवस्थापक म्हणाले.

"माझेच आहेत. थांबा, टेकून दाखवते."

"आजी, कापडावर नको!" डॉक्टर ओरडले.

ती कडेच्या उघड्या फळ्यांवर टेकली. लहानपणी पडल्यापासून तिचा डावा गुडघा उजव्याच्या बरोबरीने येत नाही, चार बोटं मागे राहतो. फरशी पुसताना मी तिला जन्मभर तशीच पाहत आले आहे. पडद्यावरच्या प्रत्येक जोडीत डाव्या गुडघ्याचा डाग चार बोटं मागे होता. डॉक्टरांनी फूटपट्टी लावली. मला फूटपट्टीची गरज उरली नव्हती.

दुपारी मी कागद लिहून दिला. वादळ मी बनवलं, समुद्र आईचा. आई खांद्यावरून वाचत होती.

"खरं वाटलं म्हणून लिहितेस, की म्हातारीचं मन राखायला?"

"खरं वाटलं म्हणून."

"बघू," ती म्हणाली.

तिचा विश्वास बसला नव्हता. वरून उत्तर येईपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या होत्या, फक्त वादळ बंद. पुढच्या आठवड्यात पडदा परत लागला आणि अकराच्या फेरीत आई हजर. फुकटचा पास घेतला नाही, रीतसर तिकीट काढलं. दीपगृह चढली, गोदामांतल्या पाट्या वाचल्या, आणि पडद्यासमोर सगळ्यांच्या मागे हाताची घडी घालून उभी राहिली.

"हा समुद्र इथल्या इस्त्रीवाल्या बाईंनी रंगवला," मी म्हणाले. "तिसऱ्या पट्ट्यातलं ऊन चुकलेलं आहे. त्या उलट्या टोकाला बसल्या होत्या. वादळ मी माझ्या पदरचं घातलं होतं. त्या बाई माझी आई, आणि तुमच्या मागेच उभ्या आहेत."

लोक वळले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आईने मान हलवली, जणू हिशेबात काही राहून गेलं होतं.

"आणि ती कोपऱ्यातली होडी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीसुद्धा माझीच."

होडी फारच चांगली काढलेली आहे. दोरांचे पीळसुद्धा मोजता येतात. मी आईकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.