सगळ्या बंद

दारव्ह्याजवळच्या तांड्यात चार विहिरी, आणि चारही विहिरींच्या मोटारी रंजिताच्या बोटाखाली. तांडा तिचा, पण ती यवतमाळला एका लहानशा कंपनीत वेबपेजं बनवायच्या नोकरीत. सुट्टीत घरी येऊन तिनं प्रत्येक स्टार्टरला बॅटरीवर चालणारी सिमकार्डाची पेटी बसवली, त्यासाठी स्वतः एक पेज लिहिलं आणि सांगून टाकलं, की आता मोटार चालू-बंद करायला रानात तंगडतोड नको. देवीलाल, तिचा बाप, हे साऱ्या तांड्याला सांगत हिंडला. लेकीचं कौतुक सुरू झालं की समोरच्याचा चहा गार व्हायचा.

पेजात एक खोट होती. 'सगळ्या बंद' हे बटण दाबलं की ते सर्व्हरला आधी एका विहिरीचा हुकूम धाडायचं आणि तिचं उत्तर आलं की मगच दुसरीचा. मधल्या एखाद्या पेटीला रेंज नसली की मागच्या साऱ्या ताटकळत. रंजिता मुळातच उतावळी. काल तिनं चारही हुकूम एकदम सोडायची सोय केली. पेज चुटकीसरशी हिरवं झालं आणि बाईसाहेब स्वतःवर खूश होऊन झोपल्या.

आज जेवणाच्या सुट्टीत बादलचा, तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. खालच्या विहिरीतली मोटार गाळात रुतली होती.

"केबल बी सोलली हाय दगडाले घासून," तो म्हणाला. "उतरून मोकळी करतो. आत्ता लाइन नाही, पण कवाही येईन. तू बंद करून ठेव ना."

स्टार्टर ऑटोवर असायचे, म्हणजे लाइन आली की मोटार आपोआप सुरू. आणि सोललेली केबल बुडलेल्या पाण्यात माणूस उभा असला, तर पुढचं बोलायला नको. रंजितानं बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत उमटलं, सगळ्या बंद.

"झाल्या. उतर बिनघोर," ती म्हणाली.

डबा उघडता उघडता तिनं सर्व्हरवरची नोंद उघडली. गरज काही नव्हती, आपलं काम किती झपाट्यानं झालं हे पाहायची हौस. तीन विहिरींची उत्तरं आलेली होती. चौथीचं नव्हतं. चौथी म्हणजे खालची विहीर.

डबा अर्धवट उघडाच राहिला. हुकूम एकदम सुटले तरी उत्तरं आपापल्या चालीनं येतात, आणि तिचं पेज पहिलं उत्तर येताच हिरवं होत होतं. बाकीच्या तिघींसाठी थांब, हे ती त्याला सांगायलाच विसरली होती. शितावरून भाताची परीक्षा चुलीपाशी ठीक आहे. इथं त्या भरवशावर तिनं सख्ख्या भावाला पाण्यात उतरवलं होतं.

तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सगळ्या बंद. नोंदीत पुन्हा तीनच उत्तरं. त्या हिरव्या अक्षरांची तिला शिसारी आली.

बादलचा फोन वाजत राहिला. शर्टाच्या खिशात असणार, आणि शर्ट विहिरीच्या काठावर. तिनं शेजारच्या शेतातल्या लखीरामकाकाला लावला. काका फोन उचलायच्या बाबतीत सरकारी खात्याच्या वरताण. एकदा कटला, दुसऱ्यांदा उचलला.

"काका, खालच्या विहिरीवर पळा. बादलले बाहेर काढा. मोटार बंद नाही झाली."

"कायले? तुनं तं…"

"पळा ना, काका."

तो पळाला. फोनमधून त्याची धाप ऐकू येत होती, पऱ्हाटीची झाडं खसाखसा बाजूला होत होती. रंजिता खुर्चीवरून केव्हा उठली तिला कळलं नाही. आपणच आपल्या भावाला मारलं, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. मग काकाची हाळी, मग बादलचा आवाज, लांबून, पण त्याचाच.

"निंगाला," काका म्हणाला. "वरतं आला पोट्टा. ठेवू आता?"

रंजिता 'ठेवा' म्हणणारच होती. तोंडावर आलेला तो शब्द तिनं गिळला. एकाचं उत्तर आलं होतं. एकाचंच.

"काका, विहिरीत अजून कोण हाय?"

"तुहा बाप हाय ना. दोर बांधून राह्यला मोटारीले."

तिनं किंचाळून सांगितलं नाही. किंचाळलं तर शब्द कळत नाहीत. फोन स्पीकरवर टाकून विहिरीच्या तोंडाशी धरायला सांगितला आणि ती एकेक शब्द सुटा बोलली. "बापू, मी रंजिता. मोटार बंद नाही. दोर सोडा. वर या."

"एक गाठ राह्यली, बाई," खालून आवाज आला.

"गाठ राहू द्या. आत्ता या."

मग पाण्याची खळबळ. दगडी पायऱ्यांवर ओल्या पावलांचा आवाज, सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा. बादल 'हात द्या, हात द्या' म्हणत होता. आणि त्या सगळ्याच्या खालून एक घरघर उठली. लाइन आली होती.

रंजितानं फोन कानावर दाबून धरला.

"काका?"

"निंगाला, निंगाला तो."

"मले बापूचा आवाज ऐकवा."

फोन हातोहात गेला. देवीलालला दम लागला होता. पण आवाजात राग नव्हता, साधी घाबरगुंडीसुद्धा नव्हती. लेकीच्या हातून चूक झाली असेल हे त्याच्या गावीच नव्हतं.

"पाह्य, सुरू झाली मोटार," तो म्हणाला. "तुनं बरं केलं, टायमावर सांगतलं. आता बंद कर बरं तुह्या त्या बटनानं. तू बंद म्हनलं का मी उतरतो मंग."

समोर पेज उघडंच होतं. रंजिता ढसाढसा रडू लागली.

"नोका, बापू," ती म्हणाली. "मी म्हनलं म्हनून नोका उतरू."