एकोणीस वर्षांचा कोट

आई गेल्याला महिना झाला, तेव्हा मी तिचा स्टुडिओ आवरायला घेतला. शेजारच्या दुकानातले घड्याळवाले काका दारात खुर्ची टाकून बसले होते. मदतीला आलोय म्हणाले, पण गुडघ्यांमुळे त्यांची मदत तोंडापुरतीच होती.

"तो कोट आहे का गं अजून?" त्यांनी विचारलं.

होता. पडद्यामागच्या खुंटीवर. फोटोपुरता गिऱ्हाइकांना घालायला द्यायचा काळा कोट, वरून दुसरं बटण नसलेला. बसमध्ये अनोळखी माणसाच्या बाहीचा दोरा लोंबताना दिसला तरी आईच्या पर्समधून सुई निघायची. या कोटाला मात्र तिने तीस वर्षं सुई लावली नाही.

"तिच्याकडून एवढं एकच राहून गेलं बघ," काका म्हणाले.

मी कोट झटकला आणि पुन्हा खुंटीला लावला. तो कोणत्या खोक्यात भरायचा हे मला ठरवता येत नव्हतं.

मी बारा वर्षांची होते तेव्हा मला आईची लाज वाटायची. तिने काढलेले लग्नांचे, बाळांचे, शाळेच्या वर्गांचे फोटो लोक भिंतीवर लावत. पण पासपोर्टच्या फोटोंना काहीतरी व्हायचं. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचा कान केसांखाली, कुणाच्या गालावर सावली. कार्यालयातून अर्ज परत यायचे आणि माणसं दारात येऊन भांडायची. असे फोटो नेहमी मुलींचेच असायचे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शाळेत मुली म्हणायच्या, "हिच्या आईकडे जागं जायचं आणि झोपून यायचं." काकांचाही टोमणा ठरलेला होता, "एवढे मोठे दिवे, आणि दिव्याखालीच अंधार!" आई हसून म्हणायची, "हात जड झालाय हो माझा."

तिचा हात जड नव्हता हे मला ठाऊक होतं. गृहपाठ झाला की ती मला डार्करूममध्ये घ्यायची, त्याआधी दाराची कडीसुद्धा काढू द्यायची नाही. लाल दिव्यात कागदावर चेहरा उमटायला लागला की नेमका किती आकडे मोजून तो बाहेर काढायचा, हे मी तिच्याकडे बघून शिकले होते. मग पासपोर्टचेच फोटो का बिघडतात? मला वाटायचं, ती त्यांना कमी लेखते. वाटायचं, मी काढले तर नीट येतील.

एका शनिवारी मावशीला दवाखान्यात ठेवलं म्हणून आईला दोन दिवस जावं लागलं. जाताना तिने काकांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि मला बजावलं, "तयार फोटो पाकिटांत आहेत, ते द्यायचे. नवीन कुणी आलं तर सोमवारी या म्हणायचं. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही."

दुपारी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. त्याच्यामागे माझ्याच उंचीची एक मुलगी होती, दोन वेण्या, फ्रॉक, चपला तिने न सांगता दाराबाहेर काढलेल्या.

"बाई नाहीत? मग तू कोण?"

"त्यांची मुलगी."

"म्हणजे मालकीणबाईच की! ही भाची माझी. परदेशात काम लागलंय, बड्या घरात. सोमवारी सकाळी कागद द्यायचेत."

"आई सोमवारी येईल."

"तसंही तुझ्या आईच्या हातचे फोटो परत येतात असं ऐकलंय," तो म्हणाला. "नाक्यावरचा स्टुडिओ बंद आहे म्हणून आलो. तुला येतो का गं काढायला?"

"येतो," मी म्हणाले.

"फॉर्मवर एकोणीस आहे. जरा तेवढी दिसू दे," असं सांगून तो सिगरेट ओढायला बाहेर गेला.

मी ते कलाकुसरीचं काम समजले. तिच्या वेण्या सोडून अंबाडा घातला. आईच्या टेबलाच्या खणातली चापाची कानातली लावली. काळा कोट चढवला आणि पाठीमागून कपड्यांचे पाच चिमटे लावून समोरून बेतात बसवला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या, पण फोटोत तेवढं येणार नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि कोटाचं दुसरं बटण पिळायला लागली.

जुना मोठा कॅमेरा आदल्या दिवशी एका कुटुंबाच्या फोटोसाठी मागे नेलेला होता. त्याची तिपाई मला एकटीला हलेना. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर अख्खी मुलगी येत होती, स्टुलासकट. म्हटलं हरकत नाही, नंतर चेहराच तेवढा मोठा करू.

"काळ्या कापडाखाली काय आहे?" तिने विचारलं.

मी तिला बघायला बोलावलं आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसले. कापडाखालून किंचाळी आली. "अय्या! तू उलटी लटकलीयेस! अगं, धर काहीतरी, पडशील!" त्या काचेत सगळंच उलटं दिसतं हे न सांगता मी हात सोडून पडायचं नाटक केलं. आम्ही इतक्या हसलो की काकांनी पलीकडून भिंत ठोकली.

परत जागेवर बसल्यावर तिने विचारलं, "तिकडे शाळा असते का गं?"

"तू कामाला चाललीयेस ना?"

"हो, पण काम झाल्यावर. मामा म्हणतात, असते."

"असते मग," मी म्हणाले. "आता पाय हलवू नकोस. पाय हलले की मान हलते."

फोटो सुरेख आला. संध्याकाळी त्या माणसाने सहा प्रती दिव्याखाली धरून पाहिल्या. "आईपेक्षा लेक सवाई," तो म्हणाला. हे वाक्य सोमवारी आईला कसं सांगायचं, ते मी दोन दिवस घोळवत होते.

आईने आल्या आल्या दोरीवर वाळत टांगलेली निगेटिव्ह पाहिली. "हा फोटो कुणी काढला?"

"मी! बघ ना, डोळे उघडे आहेत, दोन्ही कान दिसतायत."

तिने निगेटिव्ह खिडकीशी धरली. बराच वेळ धरली. मग त्याच स्टुलावर बसली.

"चांगला आलाय," ती म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

त्या दिवशी तिने माळ्यावरून एक डबा काढला. आत तिने मुद्दाम बिघडवलेल्या फोटोंची पाकिटं होती, खोटं वय लावून परदेशी धाडायच्या तेवीस मुलींची. एक अर्ज परत आला की दोन-तीन आठवडे मिळत. तेवढ्यात ती बालकल्याण कार्यालयातल्या अधिकारी बाईंना कळवायची आणि त्या बाई मुलीच्या घरापर्यंत पोचायच्या. मुली शाळेत परत जायच्या. सगळ्या नव्हे, पण बऱ्याच.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शाळेत कुणापाशी तरी बोलली असतीस. मग हे लोक इथे यायचेच बंद झाले असते." डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "पण तुला सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

तोवर अर्ज गेला होता. अधिकारी बाई तिचं घर शोधेपर्यंत, नवव्या दिवशी, मुलगीही गेली.

आईने ती निगेटिव्ह जशीच्या तशी, काहीही न कापता, मोठी करून छापली आणि कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला लागली. एकदा मीही बरोबर होते. एका हातात माझा हात आणि दुसऱ्या हातात स्टुडिओतलं स्टूल घेऊन ती एका कारकुनापुढे उभी राहिली.

"बाई, कागदावर एकोणीस आहे," तो म्हणाला. "आणि हे काय, बसायला घरून आणलंत? आमच्याकडे खुर्च्या आहेत."

"हे दीड फुटाचं आहे, मोजून घ्या. इथे कुणी एकोणीस-वीस वर्षांचं असेल तर यावर बसवा."

कोपऱ्यातली टायपिस्ट नुकतीच नोकरीला लागलेली होती. लोक म्हणाले, जा गं, तुझाच नंबर! ती लाजत येऊन स्टुलावर मागे सरकून बसली. तिचे पाय जमिनीला नीट टेकले. सगळे हसले. मग आईने फोटो टेबलावर ठेवला. गळ्यापर्यंत एकोणीस वर्षांची बाई आणि तिच्याखाली फ्रॉकची झालर, बाह्यांत बुडालेले हात, एक घट्ट मिटलेली मूठ, आणि जमिनीपासून चार बोटं वर राहिलेले दोन अनवाणी पाय. हसणं थांबलं. कारकुनाने चष्मा काढला आणि आईला खुर्ची दिली.

तिचा जबाब घेतला गेला. "हा फोटो कुणी काढला?"

"मी," आई म्हणाली आणि तिने सही केली.

मी स्टूल धरून शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही.

त्या सहीपायी दोन वर्षं तिला पासपोर्टचे फोटो काढायची मनाई झाली. गावभर झालं, "जन्मात एक फोटो नीट आला आणि तोच नडला." आई त्यावरही हसायची.

मुलगी सात महिन्यांनी सापडली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात ती दोन तान्ह्या मुलांना सांभाळत होती, सात माणसांचे कपडे धूत होती आणि गॅलरीत झोपत होती. तिथल्या दारावर गेलेल्या माणसांच्या हातात आईने छापलेला फोटो होता. तिला दुसऱ्या शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे ती शिकली. आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला भेटायला जायची. मला कधी परीक्षा असायची, कधी डोकं दुखायचं. आईने कधी आग्रह केला नाही. परत आल्यावर म्हणायची, "तुझी आठवण काढत होती." ते मला आरोपासारखं ऐकू यायचं. पुढे मी दुसरीकडे नोकरीला गेले आणि पहिल्या रविवारांचा प्रश्न मिटला.

"कुणी आलंय," काका दारातून म्हणाले.

माझ्याच वयाची एक बाई उभी होती, शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी. "हिचा फोटो काढायचा होता. परीक्षेच्या फॉर्मला लागतो."

"स्टुडिओ बंद केलाय. माझी आई..."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच आले. मला उशिरा कळलं." तिची नजर माझ्यावरून खुंटीकडे गेली. "बटण नाही लावलं ना त्यांनी? ते माझ्या मुठीत तसंच गेलं होतं. तिकडे कपडे धुताना मोरीत पडलं आणि गेलं वाहून. बाईंना सांगितलं तेव्हा मी रडत होते. म्हणाल्या, राहू दे, ती जागा तुझी."

मी मुलीला कॅमेऱ्याकडे पाठवलं. कापडाखाली डोकं घाल, गंमत दिसेल, म्हणाले. मग मी जे तीस वर्षांपूर्वी कारकुनाच्या टेबलासमोर म्हणायला हवं होतं ते म्हणाले.

"तो फोटो आईने काढला नव्हता. मी काढला होता."

"अगं, हे मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "स्टुलावर मीच बसले होते की!"

मला हसू आलं नाही. ते पाहून तिने आवाज खाली आणला.

"मलाही विचारलं होतं कार्यालयातल्यांनी, परत आणल्यावर. फोटो कुणी काढला. मी म्हटलं, बाईंनी."

"आईने तसं सांगायला सांगितलं होतं?"

"छे गं. त्यांना तर नंतर कळलं. मग किती वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या." ती कोटाच्या बाहीवरची धूळ काढत होती. "तू केवढीशी होतीस. माझ्याएवढीच. तिकडे कपडे वाळत घालताना मला तू आठवायचीस, ती उलटी लटकलेली. त्या सात महिन्यांत हसायला माझ्याकडे तेवढंच होतं." तिने बाही सोडली. "शाळा असते म्हणालीस, त्याचा राग होता मात्र. बरीच वर्षं. खोटं कशाला बोलू?"

"असायलाच हवा," मी म्हणाले. "मी यायला हवं होतं. रविवारी."

"हो. यायला हवं होतंस."

तिने माझा हात मात्र सोडला नाही. तो तिने केव्हा धरला होता, मला कळलं नव्हतं.

कापडाखालून किंचाळी आली. "आई, तुम्ही दोघी उलट्या लटकताय!"

"पडू देणार नाही गं मी हिला," ती म्हणाली.

आई शेवटी शेवटी वापरायची तो छोटा कॅमेरा मी खोक्यातून काढला. मुलगी स्टुलावर चढून बसली. तिच्या आईने तिची कॉलर सारखी केली, कान केसांबाहेर काढले आणि बाजूला झाली.

"मावशी," मुलगी म्हणाली, "पाय हलवले तर चालतील?"

फॉर्मला चेहराच लागणार होता. मी दोन पावलं मागे सरले आणि काचेत तिचे पाय येऊ दिले.

"हलव," मी म्हणाले.