टिटवीच्या राखणीला

मी एक काठी बोलतेय. म्हाताऱ्यांनी टेकत चालायची काठी नव्हे हं! दोन पुरुष उंच, चर ओलांडायची उडीची काठी. बुडाला लाकडी चकती आहे, म्हणून मी चिखलात रुतत नाही. मला चराच्या मध्यावर रोवायचं, माझ्यावर लोंबकळायचं आणि पलीकडे उतरायचं. आमच्या सखल फ्रीसलंड प्रांतात रस्त्यांपेक्षा पाण्याचे चरच जास्त, तेव्हा माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही, असा माझा समज होता.

मला वीत्सेच्या वडिलांनी तासलं. घासून, जवसाचं तेल पाजून त्यांनी मला लेकाच्या हाती दिलं आणि कानमंत्रही दिला, "टिटवीचं घरटं कुठे दिसलं ते कुणाला सांगायचं नाही. पाद्रीबाबांना नाही, आणि पुढे बायको आली तर तिलाही नाही."

कुठे कुठे म्हणे टिटवी ओरडली की लोक अपशकुन मानतात. आमच्याकडे ती ओरडली की थंडी संपली म्हणून माणसं हरखतात. पूर्वी तिची अंडी गोळा करायची चाल होती. वर्षातलं पहिलं अंडं ज्याला सापडे, त्याचं नाव पेपरात छापून येई. त्यामुळे मार्च लागला की अख्खं गाव लबाड होई. पूर्वेला घरटं दिसलेला माणूस हमखास पश्चिमेकडे बोट दाखवी. वीत्से तर त्यात पटाईत. त्याची बायको हिल्क्ये विचारी, "आज कुठे सापडलं रे?" हा पाव चावत म्हणे, "शेतात." संसारात मुलं मोठी होऊन दूर गेली, पण त्यानं तिला एक घरटं दाखवलं नाही. ती हसण्यावारी नेई. एकदा मात्र मला पुसता पुसता म्हणाली, "तुला सगळं ठाऊक, आणि मी परकी." मला फार वाईट वाटलं.

पुढे टिटव्या कमी झाल्या आणि अंडी उचलायला बंदी आली. आता घरटी शोधायची ती वाचवण्यासाठी. जवळ खुणेची काडी रोवायची, म्हणजे गवत कापणारा तेवढी जागा सोडतो. वीत्सेनं हे काम मनापासून धरलं. पण गेल्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी उड्या बंद केल्या, आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकून कोळ्यांना जागा देत उभी राहिले.

यंदा अख्ख्या शिवारात टिटव्यांची एकच जोडी उतरली. मादी अंड्यांवर बसलेली वीत्सेला रस्त्यावरून दुर्बिणीतून दिसली, पण मध्ये चर होता. खुणेची काडी रोवायची राहिली.

त्याच आठवड्यात कुरणांचा मालक दूके गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. "वीत्सेभाऊ, पाऊस येतोय म्हणतात. आजच गवत कापायला घेतो. तुमचं घरटं कुठल्या कुरणात आहे?"

वीत्सेचं लक्ष कॉफीकडे होतं. जन्माची खोड ती, तोंडातून निघून गेलं, "पवनचक्कीकडच्या."

घरटं होतं चर्चकडच्या कुरणात.

"बरं झालं विचारलं. मग चर्चकडचं आधी उरकतो," म्हणत दूके गेला.

वीत्सेनं साखरपावाचा तुकडा तोंडात घातला आणि एकदम खुर्ची मागे सारली. "हिल्क्ये! अगं, मी उलटं सांगितलं!"

"काय उलटं?"

"घरटं गं! सवयीनं खोटं बोललो!"

त्यानं फोन लावला, पण ट्रॅक्टरच्या घरघरीत दूकेला कुठला ऐकू जायला! हिल्क्येनं मला उचललं आणि जाळी झटकली. "पूल लांब आहे. चल, मी मारते उडी."

"तू? या वयात? हाडं मोडतील!"

"मी हिवाळाभर तुझा गुडघा सांभाळला, आता तू माझी हाडं सांभाळ. लहानपणी भावांच्या काठीनं चर ओलांडत होते मी. तू कधी विचारलंस का?"

चराशी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर निम्मं कुरण कापून पुढे येत होता. हिल्क्येनं मला पाण्यात रोवलं. माझं म्हातारं लाकूड करकरत होतं. मी मनात म्हटलं, बाई, आज मोडले तरी बेहत्तर, पण तुला पलीकडे पोचवीन. एक पाय चिखलात बुडाला, पण ती पोचली.

"आता बोल! कुठे?"

वीत्सेनं तोंड उघडलं आणि मिटलं. बापाची ताकीद आडवी आली असावी. मग छाती भरून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा तो ओरडला, "डावीकडे! त्या पिवळ्या फुलांच्या पलीकडे! हां, तिथेच गं, तिथेच!"

टिटवी उडाली आणि हिल्क्येच्या डोक्यावर घिरट्या घालत शिव्या मोजू लागली. खुणेच्या काड्या घाईत घरीच राहिल्या होत्या. मग हिल्क्येनं घरट्यापासून थोडं अंतर राखून मलाच जमिनीत रोवलं. दूकेनं ट्रॅक्टर थांबवला. "काय हो वहिनी, पवनचक्की इकडे कधी आली?"

"ते तुमच्या भाऊंना विचारा," ती धापा टाकत म्हणाली. मग हलकेच वाकली, गवतात बघितलं आणि चराकडे वळून ओरडली, "चार आहेत रे!"

"ठाऊक आहे मला!" पलीकडून वीत्से.

"आता मलाही ठाऊक आहे!"

टोपी काढून वीत्सेनं डोळे पुसले. मी इथे राहिल्यामुळे हिल्क्येला उडी मारून परतता येईना, म्हणून दूकेनं तिला ट्रॅक्टरवर बसवून पुलावरून घरी नेलं.

मी इथेच आहे. आसपासचं गवत कापलं गेलं, माझ्याभोवतीचं तेवढं वाऱ्यावर डुलतंय. टिटवी पुन्हा बसली आहे. अंड्यांच्या आतून टोचण्याचा बारीक आवाज कालपासून मला ऐकू येतोय. वीत्से, हिल्क्ये, माझी एवढीच विनंती आहे. मला न्यायची घाई करू नका. पिल्लं चालू लागली की या, पण दोघं मिळून या.