बाळाजीचं नाक

डबीचं झाकण बाळाजीने फिरवून काढलं, तेव्हा मी समोरच्या स्टुलावर गाल आत ओढून बसलो होतो. हसू दाबायचं म्हटलं की माझे गाल असेच आत जातात. आता हा डबीपाशी नाक नेणार, डोळे वटारणार आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. सगळं मला दिसत होतं.

तसं काहीच झालं नाही. जुन्या सिमकार्डाच्या कोपऱ्यावर त्याने तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी पेस्ट घेतली, प्रोसेसरच्या मधोमध ठेवली, वरून पंख्याचा ठोकळा दाबून बसवला आणि चार स्क्रू आवळले.

"नाम्या, तिसऱ्या मशीनचं बटन दाब."

मी दाबलं. गाल सोडून दिले. हसूच गेलं होतं.

त्या डबीत टूथपेस्ट होती. मी भरलेली. बाळाजी सकाळी बँकेत गेला, दुकानावर लक्ष ठेवायला मला बसवून गेला, आणि मला असं रिकामं बसवणं ही बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणी सहसा न करणारी चूक आहे. त्याची पेस्ट मी बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत काढली आणि ह्याच्या डबीत घरची पांढरी, लवंगेची टूथपेस्ट पिळली. अख्खी ट्यूब. खरं सांगायचं तर पिळतानाच कंटाळा आला होता. पन्नाशीनंतर खोड्या करायलाही दम लागतो. पण सवय.

बाळाजीचं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, माझं शेजारी शेगड्यांचं. त्यामुळे ही पेस्ट काय करते ते मला ठाऊक आहे. प्रोसेसर तापतो, वरचा ठोकळा ती उष्णता ओढून घेतो, पण दोघांच्या मध्ये केसाएवढी फट राहते. ती फट ही पेस्ट भरते. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत जुनी पेस्ट सुकून खपली होते, उष्णता आत कोंडते आणि मशीन आपलं आपण बंद पडतं. हायस्कूलची बारा मशीनं तशीच पडत होती. अर्धा तास चालायची आणि काळी व्हायची.

गोदावरी बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, त्याला स्पष्ट सांगितलं होतं. दहा दिवसांनी ऑनलाइन परीक्षा आहे. बारा मशीनं सलग तीन तास चालली तर कॉम्प्युटरची खोली राहील. नाही चालली तर संस्था सगळं भंगारात देणार.

खोली गेली तर बाळाजीचं काय जाणार होतं, ते मला माहीत होतं. बाजारात तो बाळ्या. घरोघरी "तो कॉम्प्युटरवाला". दहावी नापास माणूस, पण त्या एका खोलीत गेली चौदा वर्षं तो बाळाजी सर होता. शिपाईसुद्धा सर म्हणायचा. शाळेत जायच्या दिवशी तो शर्ट खोचायचा.

म्हणून त्याने बारातली तीन मशीनं दुकानात आणून ठेवली होती. तिन्ही एकाच जातीची. पहिल्याला नखाएवढ्या ट्यूबमधली चंदेरी पेस्ट, दुसऱ्याला इंजेक्शनसारख्या नळीतली करडी, तिसऱ्याला डबीतली पांढरी. रोज दुपारी तिन्ही दोन तास पळवायची आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात, तारखेच्या चौकोनात लिहायचे. असे सात दिवस.

"सात कशाला?" मी विचारलं होतं. "पहिल्याच दिवशी कळंल की."

"पहिल्या दिवशी सगळ्याच गोड वागतात. नवरीसारख्या. आठवड्यानं कळतं."

दोन तासांनी त्याने चष्मा वर केला आणि आकडे वाचले. चंदेरी सदुसष्ट. करडी अडुसष्ट. पांढरी चौसष्ट.

"आयला," तो म्हणाला. "सगळ्यात साधी पेस्ट, आणि बघ."

इतकं खूश मी त्याला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हटलं आज नको, उद्या चार लोकांसमोर सांगू. दुसऱ्या दिवशीही चौसष्ट. त्याने कॅलेंडरात आकड्याभोवती गोल काढला. मी पुन्हा गप्प.

पण एक गोष्ट मला कुरतडत होती. बाळाजीने वास का घेतला नाही?

कारण बाळाजीचं नाक म्हणजे आमच्या बाजारातली एक संस्था होती. बंद पडलेला टीव्ही असो, मिक्सर असो, तो झाकण उघडायचा, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचा. सुक्या बोंबलाचा वास आला तर कॅपॅसिटर. करपलेल्या दुधाचा आला तर ट्रान्सफॉर्मर. उंदराच्या मुताचा आला तर उंदीर. श्रीवर्धनहून लोक सेट घेऊन यायचे, आधी त्याच्या नाकापुढे धरायचे. अशा माणसाच्या तळहातावर लवंग दरवळते आणि त्याला पत्ता नाही?

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी आवडाबाई आली. ती बाजारात सुकी मासळी विकते. नातीचा लॅपटॉप न्यायला आली होती. पायरीवरच थांबली.

"बाळाजी, दुकानात दात घासतंस काय रं? लवंगीचा वास सुटलाय नुसता."

मशीन तापलेलं, टूथपेस्ट तापलेली. वास मलाही येत होता. मी खाली बघितलं.

बाळाजीने मान वर न करता उत्तर दिलं, "नवीन पेस्ट हाय, आवडाबाय. कंपनीवाले हल्ली सुगंध घालतात."

आणि पटवून द्यायला तो वाकला, डोळे मिटले, पूर्वीसारखा एक लांब श्वास घेतला. "हां. लवंगच."

तो पहिल्या मशीनवर वाकला होता. चंदेरीवर. टूथपेस्ट तिसऱ्यात होती.

आवडाबाई लॅपटॉप घेऊन गेली. मला एकेक आठवायला लागलं. दिवाळीत माझ्या दुकानात गॅसची नळी गळत होती, आणि हा आत शेंगा सोलत बसलेला. मी ओरडत आत आलो तर म्हणाला, मला वाटलं तू काहीतरी काम करतोयस. शेजारच्या मोकळ्या जागेत मासळी सुकत घातली की पूर्वी हा भांडायला जायचा, हल्ली जात नव्हता. आम्ही म्हणायचो, बाळ्या निवळला. आणि हे आकडे, हे कॅलेंडर, हे सात-सात दिवस, हेही अलीकडचंच. नाक होतं तेव्हा त्याने आयुष्यात कधी आकडा लिहिला नव्हता.

आता मी अडकलो. डबीत टूथपेस्ट आहे असं सांगायचं म्हणजे, तुला ती ओळखता आली नाही, हेही सांगायचं. एकाशिवाय दुसरं सांगताच येत नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गोदावरी बाई. परीक्षा पुढच्या बुधवारची या शुक्रवारी आणली होती.

फोन ठेवून तो कॅलेंडरासमोर उभा राहिला. त्या दिवशीचा आकडा पासष्ट होता.

"एक डिग्री चढलं," तो म्हणाला. "हवा तापलीय, त्यानं असंल. सात दिवस काय मिळत न्हायत आता. उद्या पांढरीच टाकू सगळ्यांना."

"करडी टाक ना," मी म्हटलं. "नळीत हाय तशी."

"का? आकडे बघ की." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला काय झालं? तोंड असं का?"

"पित्त."

गुरुवारी सकाळी मशीनं रिक्षात घालून शाळेत नेली. शर्ट खोचलेला. शिपाई सदाने खोली उघडली, पंखा लावला, "सर, पाणी ठेवतो," म्हणाला आणि गेला. बाळाजीने वर्तमानपत्र पसरलं, एक मशीन उघडलं, जुनी खपली स्पिरिटच्या कापसाने पुसून काढली. प्रोसेसर आरशासारखा लख्ख झाला. मग डबी उघडली. सिमकार्डाचा तुकडा आत घातला.

"बाळ्या, थांब."

"काय रं?"

"त्या डबीत टूथपेस्ट हाय."

तो हसला नाही, शिवीही दिली नाही. तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला.

"कधीपासनं?"

"सोमवारपासनं. तुझी माझ्याकडं हाय. पॉलिशच्या डबीत."

"कुठली टूथपेस्ट?"

"लवंगेची."

तो पोरांच्या बाकावर बसला. बाक बुटका, गुडघे छातीशी आले. बराच वेळ हातातला कापूस चिमटत राहिला.

"म्हंजे आवडाबाय बोलली ते बरोबर," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुला कळलं."

"व्हय."

"पाच वर्सं झाली. कोरोनात वास गेला तो आलाच न्हाय. डॉक्टर म्हनला सा महिन्यांत येईल. घरी ठाऊक हाय. दूध नासलं का ते बायको बघते. भाताला काय चव न्हाय, कशालाच न्हाय. पोट भरायचं आपलं."

"मला सांगायचंस."

"तुला?"

त्याने एवढंच म्हटलं. पण त्या एका शब्दामागे माझ्या तीस वर्षांच्या सगळ्या खोड्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्याच्या लग्नात मी अंतरपाटाला खाजकुयली लावली होती, ती सगळ्यात पुढे.

"तू जा," तो म्हणाला.

मी गेलो नाही. बॅटरी पेटवून उघड्या मशीनवर धरली. थोड्या वेळाने तो उठला आणि चिमटा शोधायला लागला.

"पानी असतं टूथपेस्टमध्ये," तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला. "ओली हाय तोवर मस्त थंड ठेवनार. उद्याची परीक्षासुद्धा पार पडली असती. मग सुकून खडू झाली असती, आन् पुढच्या आठवड्यात बाराच्या बारा गेली असती. तरी म्हटलं पासष्ट कसं झालं. सात दिवस मिळाले असते तर आकड्यानंच पकडलं असतं तुला."

"पकडलंच असतंस."

"जरा वर धर बॅटरी."

तिसरं मशीन उघडून टूथपेस्ट पुसून काढली. कडेला ती पांढरी पापडी धरायला लागली होती. चंदेरीवालं तसंच राहिलं. बाकीच्यांना करडी. नळी दाबून दाबून, दाणा दाणा मोजून. दहा मशीनं झाली आणि नळीतून नुसती हवा आली. बारावं उरलं. मी खिशातून बूटपॉलिशची डबी काढली. त्याने ती उघडून उजेडात धरली, बोटावर घेऊन चोळली, पुन्हा बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"तीच हाय," मी म्हटलं. "आईची शपथ."

त्याने ती लावली. ते मशीन खिडकीपाशी, पंख्याच्या वाऱ्यात ठेवलं. संध्याकाळी ते बहात्तरावर गेलं. बाकीची अडुसष्टच्या आसपास. "चालंल," तो म्हणाला.

शुक्रवारी आम्ही दोघे व्हरांड्यात तीन तास उभे होतो. बसायला सदाने खुर्ची आणली, ह्याने घेतली नाही, म्हणून मलाही घेता आली नाही. ऊन पायांवरून सरकत भिंतीवर गेलं. दर दहा मिनिटांनी हा खिडकीतून आत बघायचा आणि ओठांनी मोजायचा. बारा. पुन्हा बारा. दोन तास झाल्यावर माझे पाय सुजल्यासारखे झाले. ह्याचेही झाले असणार. शेवटची घंटा झाली तेव्हा बारा पडदे चालू होते.

पोरं गेली. गोदावरी बाई बाहेर आल्या, मागे एक नवीन शिक्षिका, मागे प्रिंटर उचलून सदा.

"सर, पत्र देते मी संस्थेला," बाई म्हणाल्या. "वर्षभर तरी हात लावू देणार नाही खोलीला." मग प्रिंटरकडे बोट केलं. "आणि हा बघा ना. सकाळपासून मेलाय. पूर्वी सांगायचात तसं वास घेऊन सांगा. ह्यांना दाखवायचंय. मी सांगते तर विश्वास बसत नाही ह्यांचा."

नवीन शिक्षिका संकोचून हसली. सदाने प्रिंटर कठड्यावर ठेवला, झाकण उघडलं. सगळे बाळाजीकडे बघत होते.

तो वाकला. डोळे मिटले. मानेवर घामाचा एक थेंब होता, तो खाली आला तरी त्याने पुसला नाही. श्वास घेतला. वर आला नाही. तसाच वाकून राहिला.

मला दोन पावलांवरून वास येत होता. उग्र, कुबट, नाकात बसणारा.

"बाई," मी म्हटलं, "आज डब्यात सुके बोंबील कोणी आणलेत? व्हरांड्यात उभं राहवत नाही."

सदा फिस्कन हसला. बाई माझ्याकडे वळल्या. "नामदेवराव, शाळा आहे ही. पन्नाशी उलटली तुमची, जरा तरी."

"चुकलं, बाई."

बाळाजी सावकाश वर आला. झाकण लावलं. हात रुमालाला पुसले.

"कॅपॅसिटर गेलाय, बाई," तो म्हणाला. "सोमवारी आणून देतो."

"बघितलंत?" बाई शिक्षिकेला म्हणाल्या.

परतताना रिक्षात प्रिंटर आमच्या दोघांच्या मांडीवर होता, अर्धा त्याच्या, अर्धा माझ्या. दुकानात येऊन त्याने तो टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि कॅलेंडरापाशी गेला. सोमवारच्या चौकोनात पांढरीचं चौसष्ट होतं. मंगळवारी चौसष्ट, त्याभोवती गोल. बुधवारी पासष्ट. मला वाटलं खोडणार. त्याने एकही आकडा खोडला नाही. तिन्हीच्या खाली, बारीक अक्षरात, लिहिलं: लवंग.

मग पेन खिशाला लावून तो हात धुवायला गेला.